नामदेवरायांचे सख्य

नवविधा भक्तीत सख्याचा क्रम आठवा, आत्मनिवेदनाच्या अलीकडचा. कीर्तनात हा विषय निघाला की आम्ही मंडळी अर्जुनाकडे वळतो, नाहीतर सुदामदेवाच्या पोह्यांकडे. दृष्टांत उत्तमच आहेत. पण देवाशी सख्य करणाऱ्या संतांचे आपसांतले सख्य कसे होते, मित्र दूर गेला, काळाने नेला, तरी ते त्यांनी कसे सांभाळले, इकडे आपले लक्ष जरा कमीच जाते. या दृष्टीने पाहू गेल्यास श्रीनामदेवरायांचे चरित्र फार मोलाचे आहे. ऐंशी वर्षांचे आयुष्य, आणि त्यातली चोपन्न वर्षांच्या घरातली ज्ञानोबारायांच्या माघारी काढलेली! सोबत मिळाली ती किती, आणि विरह किती, याचा हिशेब सज्जनांनी आपल्या मनाशी करावा.

नामदेवरायांचा जन्म शके ११९२, म्हणजे इसवी सन १२७० च्या कार्तिक शुद्ध एकादशीचा. वडील दामाशेटी, आई गोणाई. घराणे शिंप्याचे, मूळ मराठवाड्यातील नरसी-बामणीचे. आज ती नरसी हिंगोली जिल्ह्यात येते. कोणी जन्म पंढरपुरातलाच मानतात, तो वाद येथे नको. बाळपणापासून ध्यास एकच, विठोबा. नैवेद्य देवाने प्रत्यक्ष खाल्लाच पाहिजे म्हणून हटून बसलेले पोर आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. राजाईशी लग्न झाले, नारा, विठा, गोंदा, महादा हे पुत्र झाले, पण लक्ष दुकानात कधी लागले नाही. गोणाईने आणि राजाईने देवापाशी जाऊन केलेली भांडणे गाथेत आहेत, ती वाचताना हसूही येते आणि त्या दोघी माउल्यांची कीवही येते. घर कोणी चालवायचे, हा त्यांचा प्रश्न काही खोटा नव्हता.

असा हा देवाचा लाडका. त्याला देवावाचून दुसरा सखा नको होता, आणि पंढरीबाहेरचे जगही नको होते. त्याच्याकडे आळंदीचे ज्ञानदेव आपण होऊन आले. माउलींची आवळ्या-जावळ्या भावंडांसारखी चौघे भावंडे, निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई. शके १२१२ साली, म्हणजे १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झालेली. नामदेव वयाने माउलींहून पाच वर्षांनी वडील. एक नाथपंथी गुरुपरंपरेचा योगी, दुसरा मूर्तीच्या पायाशी घट्ट बसलेला भोळा भाविक. एकाचे घर ब्राह्मणांनी वाळीत टाकलेले, दुसरा जातीने शिंपी. यांची गाठ पडावी अशी व्यवहारात काही सोय नव्हती. गाठ पडली, कारण ज्ञानदेवांना नामदेवांच्या प्रेमाची भूक होती. ज्ञान पुरे झालेल्या माणसालाही कोणाच्या तरी सोबतीत चार पावले चालावेसे वाटते, हे मला या कथेत फार थोर वाटते.

तीर्थावळीच्या प्रकरणात ही हकीकत आली आहे. ज्ञानदेवांनी तीर्थयात्रेला बरोबर चलण्याची विनंती केली. नामदेवांनी सांगितले की मला जे हवे ते येथे विटेवर उभे आहे, मी कशाला हिंडू? तरी तुमचे मन मोडवत नाही, तेव्हा देवाला विचारा. देवाला नवल वाटले की स्वतः परब्रह्मरूप असणाऱ्या ज्ञानदेवांना तीर्थाची काय गरज. पण त्यांचा हेतू त्याने ओळखला. तीर्थ हे निमित्त होते, हवी होती ती नामयाची संगत. मग देवाने नामदेवांचा हात ज्ञानदेवांच्या हाती दिला, आणि सांभाळा हो, असे आईने लेकराला परगावी धाडताना सांगावे तसे सांगितले. नामदेव रडत निघाले. वाटेने मागे वळून वळून कळस पाहात होते. तिकडे राउळात देवालाही करमेना, रखुमाईपाशी तो नामयाच्या आठवणी काढीत बसला. म्हणजे विरह हा काही भक्ताच्याच वाट्याला येतो असे नाही.

वाटेत दोघांचे बोलणे काय झाले असेल? माउलींनी विचारले ते भजनाविषयी. ज्यांनी गीतेचे रहस्य नऊ हजार ओव्यांत उलगडले, त्यांनी शिंप्याच्या मुलाला भजन कसे करावे, श्रवण कसे, मनन कसे, हे विचारावे, आणि मन लावून ऐकावे! मैत्रीत वडीलपण धाकटेपण राहात नाही ते असे.

पुढे मारवाडात तहान लागली. विहीर खोल, पाणी तळाला, दोर नाही, पोहरा नाही. ती जागा बिकानेरजवळ कोलायत येथे दाखवतात. ज्ञानदेव लघिमासिद्धीने आत उतरले, पाणी पिऊन वर आले, नामदेवांसाठीही आणतो म्हणाले. नामदेवांनी ते घेतले नाही. त्यांनी कासावीस होऊन विठोबाला हाक मारली आणि विहीर तुडुंब भरून काठावरून वाहू लागली. ही कथा सांगताना काही वक्ते भक्ती जिंकली, ज्ञान हरले, असा निकाल देतात. मला तो पटत नाही. त्या प्रसंगी आनंद सर्वांत जास्त कोणाला झाला? ज्ञानदेवांना झाला. आपल्या मित्राचे आपल्याहून काही अधिक आहे हे पाहून ज्याचे अंतःकरण भरून येते, तेथे हारजीत कसली?

या मैत्रीत नुसते लाडच होते असेही समजू नका. सारी संतमंडळी एकदा जमली असता मुक्ताईने गोरोबाकाकांना विचारले की काका, तुमची ही थापटी कशाला? काका म्हणाले, मडके पक्के की कच्चे ते पाहायला. मग आमचीही पाहा की, असे तिने म्हणताच काका उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटी मारीत चालले. सगळे निमूट बसले. नामदेवांनी मात्र अंग चोरले, त्यांना राग आला. काकांनी निकाल दिला की हे मडके अजून कच्चे. देवाच्या लाडक्याला, चारचौघांत, आणि तेही एका पोरीच्या सांगण्यावरून! नामदेव थेट राउळात जाऊन देवापाशी गाऱ्हाणे सांगू लागले. देवानेही मित्रांचीच बाजू घेतली आणि विसोबा खेचरांकडे जा म्हणून सांगितले. विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले, नामदेवांनी पाय उचलून जेथे ठेवले तेथे पिंडी उभी राहिली, हा प्रसंग औंढ्या नागनाथाच्या देवळातला सांगतात. सर्वत्र देव आहे ही ओळख तेथे पटली.

त्या थापटीचा राग नामदेवांनी मनात धरला असता तर? आपल्या गावात पहा, एका शब्दावरून वीस वीस वर्षे बोलणे बंद असते. दोघेही माळकरी, दोघेही पंढरीला जातात, पण निरनिराळ्या दिंड्यांतून. नामदेवांनी ती थापटी उपकार म्हणून डोक्यावर घेतली आणि गोरोबा त्यांचे काकाच राहिले.

यात्रा संपवून मंडळी पंढरीस आली. मावंदे झाले, देवाने आपल्या हाताने वाढले म्हणतात. आणि त्या आनंदाच्या पाठोपाठ ज्ञानदेवांनी समाधीची आज्ञा मागितली.

शके १२१८, कार्तिक वद्य त्रयोदशी, इसवी सन १२९६. आळंदीला सिद्धेश्वराच्या सन्निध जागा ठरली. ती जागा झाडून स्वच्छ करायला नामदेवांची मुले गेली, असे परंपरा सांगते. म्हणजे मित्राच्या समाधीची तयारी मित्राच्या घरच्यांनी केली. एका बाजूने निवृत्तिनाथांनी हात धरला, दुसऱ्या बाजूने देवाने, आणि एकवीस वर्षांचे ते पूर्ण ब्रह्म आसनावर जाऊन बसले. शिळा लावून निवृत्तिनाथ बाहेर आले तेव्हा त्यांच्यासारख्या गुरूंचाही धीर सुटला. नामदेव तर पाण्याबाहेरच्या मासोळीसारखे तळमळत होते.

आता येथे एक शंका येते, आणि विद्वान मंडळी ती काढतातही. ही संजीवन समाधी, मरण नव्हे. नामदेवांना विसोबांकडून बोध झालेला. आत्मा जात नाही, येत नाही, हे त्यांना काय ठाऊक नव्हते? मग हा शोक अज्ञानाचा नव्हे काय? याला उत्तर भागवतात आहे. दशमस्कंधात उद्धव गोकुळात गेला तो ज्ञानाचा निरोप घेऊन, आणि परतला तो गोपींच्या पायधुळीची इच्छा धरून. विरह हा ज्ञानाने पुसून टाकायचा डाग असता तर उद्धवाने असे का करावे? नारदांनीही भक्तिसूत्रात आसक्तीचे अकरा प्रकार सांगितले, त्यांत अखेरचे स्थान परमविरहाला दिले. मित्र गेल्यावर डोळे कोरडे राहिले म्हणजे ज्ञान झाले, असे आपल्या संप्रदायाने कधी मानलेले नाही. नामदेव रडले आणि देव त्यांची समजूत घालीत बसला. तू रडतोस कशाला, असे दरडावून मात्र देव बोलला नाही.

आणि दुःख एकाचेच नव्हते. आरणचे सावतोबा आदल्याच वर्षी, शके १२१७ च्या आषाढात गेले होते. हे तेच सावतोबा, ज्यांच्या पोटात देव लपून बसला आणि नामदेव त्याला शोधीत मळ्यात हिंडले. माउलींपाठोपाठ महिन्याभरात सोपानदेवांनी सासवडला समाधी घेतली. मग मुक्ताई तापीतीरी विजेच्या लोळात गुप्त झाली, मग निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरी. या प्रत्येक ठिकाणी नामदेव संतमंडळींसह गेले आणि प्रत्येक समाधीचे वर्णन त्यांच्या गाथेत आहे. वर्षभरात चारही भावंडे दिसेनाशी झाली. नामदेव तेव्हा सत्तावीस वर्षांचे. मागे उरले ते एकटेच, आणि आयुष्य पुढे पडलेले.

त्या उरलेल्या आयुष्यात त्यांनी काय केले? एक म्हणजे लिहिले. ज्ञानदेवांची आदी, तीर्थावळी आणि समाधी, ही तीन प्रकरणे नामदेवांनी अभंगांत रचली. आज आपण माउलींचे चरित्र म्हणून जे सांगतो, त्याचा मोठा आधार हाच. पैठणची हकीकत काय, समाधीचा सोहळा काय, मित्राने लिहून ठेवले म्हणून आपल्यापर्यंत आले. माउलींनी गीता सांगितली, अमृतानुभव सांगितला, पण स्वतःविषयी फारसे सांगितले नाही. ते काम मित्रावर सोडले असावे, असे मला आपले वाटते. पुढे १७६२ साली महिपतीबुवांनी भक्तविजय लिहिला तेव्हा या साऱ्या कथा पुन्हा ओवीबद्ध झाल्या आणि घरोघर पोहोचल्या.

दुसरे म्हणजे ते चालले. जे पाऊल पंढरीची वेस ओलांडायला तयार नव्हते, ते पंजाबापर्यंत गेले. पहिल्या खेपेस ज्ञानदेवांनी हात धरून नेले होते. आता हात धरायला कोणी नव्हते, तरी मित्राने दाखवलेली वाट होती. काळही वाईट होता. देवगिरीवर अल्लाउद्दिनाची स्वारी १२९६ मध्येच झाली, पुढे वीस-बावीस वर्षांत यादवांचे राज्य बुडाले. अशा दिवसांत हा शिंपी टाळ-वीणा घेऊन उत्तरेत गेला आणि आजच्या गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान या गावी राहिला. वास्तव्य वीस वर्षांच्या आसपास झाले असे मानतात. तेथल्या भाषेत त्यांनी पदे केली. ती १६०४ साली गुरू अर्जनदेवांनी सिद्ध केलेल्या आदिग्रंथात, म्हणजे शीख बांधवांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत. संख्या एकसष्ट. भाषा बदलली, ताल बदलला, पण त्या पदांत मधूनच बीठल येतो. भीमेच्या काठचा देव रावी-बियासच्या मुलखात त्याच नावाने हाक मारला जातो, तो नामदेवांमुळे.

त्या पदांतले एक आपल्या विषयाचे आहे. ते त्रिलोचन या संतमित्राला उद्देशून आहे. त्याचा भाव असा की मुलगा पतंग उडवतो, सवंगड्यांशी गप्पाही मारतो, पण चित्त दोरीत असते. पोरी पाण्याला जातात, हसतात खिदळतात, पण ध्यान डोईवरच्या घागरीत. गाय पाच कोसांवर चरायला गेली तरी मन वासरापाशी. आई घरकाम करते, पण जीव पाळण्यात. नामदेवांनी हे हरिचिंतनाविषयी सांगितले यात संशय नाही. परंतु घुमान ते पंढरपूर हे अंतर ध्यानात ठेवून पाच कोसांवरची ती गाय आठवली म्हणजे वाटते, हे पाहून लिहिलेले नव्हे, सोसून लिहिलेले आहे. याच त्रिलोचनाने मित्र म्हणून नामदेवांना एकदा विचारले की तुम्ही हे कापड छापण्याच्या उद्योगात का गुंतता? नामदेवांनी उत्तर दिले की हातपाय कामाला असू द्यावेत, मुखी नाम आणि चित्त निरंजनापाशी असावे. ही आठवण कबीरांच्या वाणीत राहिली आहे. दोन मित्रांचे बोलणे तिसऱ्याने, तेही काशीच्या विणकऱ्याने, जपून ठेवले.

वारकऱ्याला हे सारे समजावून सांगावे लागत नाही. आपल्या दिंडीत पहा. एक लातूरकडचा, एक खानदेशातला, एक कोकणातला. वर्षभर भेट नाही, पत्र नाही. हल्ली खिशात फोन असतो, पण तोही क्वचितच वाजतो, आणि वाजला तरी पाऊसपाणी काय म्हणते एवढेच बोलणे. पण ज्येष्ठात दिंडीच्या रांगेत आपल्या जागेवर उभे राहिले की मागच्या वर्षी जेथे बोलणे थांबले होते तेथूनच पुढे सुरू होते. आणि एखाद्या वर्षी ती जागा रिकामी दिसली, तर कोणी कोणाला विचारीत नाही. टाळ थोडा वेळ हळू वाजतात, एवढेच.

असो. नामदेवांच्या मैत्रीची खरी कसोटी मंगळवेढ्याला लागली. शके १२६०, इसवी सन १३३८. गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि कामावरची माणसे ढिगाखाली गेली. त्यांत चोखोबा होते. चोखोबा महार. पंढरीत येऊनही ज्यांना देवळात पाऊल टाकता आले नाही, महाद्वाराबाहेरूनच ज्यांनी देव पाहिला, ते. अशा माणसासाठी ढीग उपसून कोण पाहाणार? काही दिवसांनी राहिली ती हाडे, एकमेकांत मिसळलेली.

नामदेव तेव्हा अडुसष्ट वर्षांचे. देवाने सांगितले आणि ते मंगळवेढ्यास गेले. कथा अशी की एकेक हाड उचलून त्यांनी कानाशी लावले, ज्यातून विठ्ठलनाम उमटले ते पदरात घेतले. ती हाडे घेऊन ते पंढरपुरास आले आणि महाद्वारासमोर समाधी दिली. कथेचा चमत्कार बाजूला ठेवून पाहणाऱ्यालाही एवढे पुरे आहे की एक वृद्ध, मान्यता पावलेला संत अस्पृश्य मानलेल्या मित्राची हाडे वेचायला त्या ढिगाऱ्यात बसला. शिवाशिवीच्या त्या काळात! मित्राचा शब्द ओळखायला मित्राचाच कान लागतो. देह जाऊन, मांस जाऊन, ओळख पटायची ती नामावरून पटली. आणि आपण? आपण त्या समाधीला नमस्कार करीत आत जात राहिलो आणि चोखोबांच्या जातभाईंना बाहेर ठेवीत राहिलो. साने गुरुजींना त्यासाठी उपोषण करावे लागले, तेव्हा १९४७ साली ते दार उघडले. सहाशे वर्षांवर काळ गेला. नामदेवांनी जे एका दिवसात केले ते समजायला संप्रदायाला इतका वेळ लागला, हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिले पाहिजे.

तोपर्यंत गोरोबाकाकाही गेले होते, शके १२३९ च्या चैत्रात, तेरला. जुन्या मेळ्यातले फार थोडे उरले. घरात जनाबाई होती. दासी म्हणवून घेणारी, पण संतांच्या मेळ्यातील सर्व आठवणी जपणारी. कोणाच्या कथा कोणी, कधी सांगितल्या, याची ती जणू घरातली वहीच होती. शेवटी तीही नामदेवांबरोबरच गेली.

शके १२७२, इसवी सन १३५०, आषाढ वद्य त्रयोदशी. ज्ञानदेवांची तिथी त्रयोदशी, सोपानदेवांची त्रयोदशी, गोरोबांचीही त्रयोदशी, आणि नामदेवांचीही तीच. घुमानची मंडळी मानतात की देह त्यांच्याकडेच ठेवला, आणि तेथे भक्तिभावाने समाधी पूजतात. आपण मानतो की महाद्वारी. दोन्ही गावांना तो आपला वाटतो, यात भांडण्यासारखे काही नाही. २०१५ साली मराठीचे अठ्ठ्याऐंशीवे साहित्य संमेलन घुमानला भरले, तेव्हा महाराष्ट्रातून गेलेल्या लोकांचे तेथे नामदेवांच्या गावची माणसे म्हणून स्वागत झाले. मित्राच्या मित्राचा मान व्हावा तसे.

महाद्वारातली पायरी नामदेवांनी मागितली ती संतांची पायधूळ लागावी म्हणून, हे आपण सांगतो आणि ते खरेच आहे. पण पायरीवर माथा टेकल्यावर जरा मान वळवून पहावे. समोर चोखोबांची समाधी आहे. ती बारा वर्षे आधीची. आत गाभाऱ्याजवळ जागा मागितली असती तर देवाने काय नाही म्हटले असते? नामदेव आत गेले नाहीत. जेथवर चोखोबांना येऊ दिले होते, तेथेच थांबले.

अजूनही आषाढ शुद्ध दशमीला आळंदी, देहू, सासवड, त्र्यंबकेश्वर, तापीतीर, अशा चहूंकडच्या पालख्या वाखरीला जमतात, तेव्हा पंढरपुरातून नामदेवरायांची पालखी त्यांना सामोरी जाते. वेशीपर्यंत जाऊन पाहुण्याला घरी आणायची ही रीत. आणि कार्तिकी एकादशी झाली की नामदेवांच्या पादुका आळंदीची वाट धरतात. वद्य त्रयोदशीला समाधीमंदिरात गर्दी दाटते. नामदेवांच्या वंशातील नामदास घराण्याचे महाराज कीर्तनाला उभे राहतात आणि समाधीच्या प्रकरणातले अभंग घेतात. दुपार व्हायला येते, घंटा वाजते, समाधीवर पुष्पवृष्टी होते. टाळकऱ्यांचा कंठ दाटलेला असतो. म्हातारे पागोट्याच्या शेवाने डोळे पुसतात. नामदेवांच्या पादुका माउलींच्या समाधीपाशी नेल्या जातात, थोडा वेळ तेथे राहतात, आणि मग मंडळी पंढरपुरास परत निघतात.